नदीत चालली की तापायची

काकांची लोखंडी नाव 2019 च्या महापुरात मांजरी गावाजवळ कृष्णेच्या काठावर गाळात रुतली ती तशीच पडून होती. पूर्वी कृष्णेपलीकडची वैरण तिच्यातूनच यायची. गेल्या दिवाळीनंतर मी आणि धाकटा भाऊ तिच्या मागं लागलो. तळाचा कुजलेला पत्रा कापला, नवा बसवला, आतून रेड ऑक्साईड, बाहेरून डांबर. पाठ मोडली, बाकी त्यात सांगण्यासारखं काही नाही.

खरा घोळ घातला इंजिनानं. शेतात पंपाला असतं तसलंच, पाच हॉर्सपॉवरचं, एका सिलिंडरचं डिझेल. पट्ट्यावर फिरणारा छोटा पंप नावेच्या तळातून नदीचं पाणी ओढतो, सिलिंडरभोवती फिरवतो आणि बाजूच्या तोटीतून बाहेर टाकतो. रेडिएटर नाही की थर्मोस्टॅट नाही.

पहिल्या फेरीला पात्राच्या मधोमध गेलो आणि रंग जळाल्याचा वास आला. तोटीतून पाण्याऐवजी वाफ! भावानं बादली भरून इंजिनावर ओतायला उचलली होती, मी हात धरला. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं तर हेडला, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाला, तडा जायची भीती. इंजिन बंद करून वल्ह्यानं काठाला आलो.

चिकोडीहून मिस्त्री आणला. त्यानं बाजूची प्लेट उघडली तर आत पुराचा गाळ वाळून कौलासारखा झालेला. सायकलच्या तारेनं उकरून दोन घमेली काढला. मग लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून आत रात्रभर भरून ठेवलं, सकाळी काळपट पांढरा चोथा बाहेर आला. आधी दहा लिटरची बादली भरायला तोटीला पन्नास सेकंद लागायचे, आता वीस. काठाला बांधून तासभर चालवलं, तोटीखाली हात धरला तर पाणी नुसतं कोमट. आम्ही पेढे आणले.

दुसऱ्या दिवशी नदीत दहा मिनिटांत पुन्हा तापली.

पंपाचा रबरी पंखा बदलला, पट्टा नवा टाकला. अठराशे गेले, फरक शून्य. मिस्त्री म्हणाला, "इंजिन म्हातारं झालंय, रिंगा घाला, हेड घासून घ्या." मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत चौकशीही करून आलो होतो. पण बांधलेल्या नावेत तासभर गार राहणारं इंजिन चालत्या नावेतच म्हातारं कसं होतं, हे काही डोक्यात शिरेना.

रविवारी भावाला तोटीजवळ बसवलं आणि नाव सोडली. वेग वाढवला की धार बारीक, कमी केला की जाड. उलटंच की! इंजिन जोरात फिरलं तर पंपही जोरात फिरणार, पाणी वाढायला हवं. म्हणजे पंपाला मिळतच नव्हतं.

ट्रॅक्टरनं ओढून नाव बाहेर काढली आणि तळाशी आडवा पडून बघितलं. पाणी आत घ्यायच्या भोकावर तिरक्या पट्ट्यांची जाळी असते. जुन्या पत्र्यावरची ती जाळी आम्हीच कापून नव्या पत्र्याला वेल्ड केली होती, तोंड मागं करून. नाव पुढं जाईल तसं पाणी त्या पट्ट्यांवरून निसटून जायचं आणि पंप रिकामा ओढत राहायचा. वर दोन फटी आमच्याच डांबरानं बुजलेल्या.

काका बाजेवरूनच म्हणाले, "तोंड पुढं पाहिजे की रं तिचं."

"मग वेल्डिंग करताना का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इचारलं व्हय?"

जाळी फिरवून लावली, फटी खिळ्यानं मोकळ्या केल्या. परवा पलीकडून उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याची हिरवी वैरण, भरून आणलं. भरल्या नावेत अर्धा तास इंजिन चाललं, आणि मी सगळा वेळ तोटीखाली हात धरून बसलो होतो. भाऊ म्हणाला, आता तरी हात काढ, सुकाणू कोण धरणार?