बादलीतले बुडबुडे
जिप्सम बोर्डच्या पार्टिशनचे जोड आज स्वतः भरले. पहिला हात वाळला आणि टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रं दिसली. फार वाईट वाटलं. चूक बादलीतच झाली होती. रंग ढवळायचं पंख्यासारखं पातं ड्रिलला लावून फुल स्पीडवर फिरवलं, त्यामुळे कंपाउंडमध्ये, म्हणजे जोड भरायच्या जिप्समच्या लगद्यात, हवा भरली.

दुपारी पिळदार पट्ट्यांचं, खाली गोल कडं असलेलं पॅडल आणलं. आधी पाणी, मग पावडर. पॅडल पूर्ण बुडवूनच ड्रिल सुरू, तेही हळू. थोडा वेळ मुरू दिलं, पुन्हा हलकं ढवळलं. काय सुंदर लोण्यासारखा लगदा झाला!

पॅडल मात्र लगेच धुवा. जुनं जिप्सम चिकटून राहिलं तर पुढच्या बादलीतला लगदा वेळेआधीच घट्ट होतो.