बंद पडत नाही म्हणजे चांगली गाडी?

आम्ही राहतो त्या न्यूझीलंडमध्ये आता गाड्या बनत नाहीत. जोडणीचे शेवटचे कारखाने 1998 मध्ये बंद झाले, आयातशुल्कही त्याच वर्षी गेलं, आणि जपानमध्ये वापरून झालेल्या गाड्यांचा आधीपासून सुरू असलेला ओघ आणखी वाढला. जपानमध्ये गाडीला दर दोन वर्षांनी ‘शाकेन’ नावाच्या तपासणीतून जावं लागतं. ती महाग पडते, म्हणून तिथले लोक धडधाकट गाड्याही विकून मोकळे होतात. स्टिअरिंग उजवीकडे, रस्ता डावीकडून, सगळं आपल्यासारखंच. त्यामुळे त्या सरळ बोटीत चढतात आणि ऑकलंडच्या बंदरात उतरतात. इथल्या गाड्यांचं सरासरी वय पंधरा वर्षांच्या आसपास आहे. गणपतीत हॉलबाहेरच्या पार्किंगमध्ये नजर टाकली की कळतं. आत नऊवारी आणि पैठण्या, बाहेर ओळीनं उभ्या दमलेल्या जपानी हॅचबॅक.

आमचीही त्यातलीच. 2006 चं मॉडेल, कोविडच्या आदल्या वर्षी घेतलेलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा कंपनीचा नाही. विक्रेत्यानं सांगितलं की जपानमध्ये ही एक आजी चालवायची, फक्त बाजारहाटासाठी. इथल्या प्रत्येक जुन्या गाडीची जपानमध्ये एक आजी असते, त्यामुळे ते मी कानाआड केलं. गाडी सुरू केली की डॅशबोर्डच्या आतून एक बाई जपानीत काहीतरी अदबीनं सांगते. टोलचं कार्ड घातलेलं नाही, एवढंच तिचं म्हणणं असतं. रेडिओही जपानचा, 76 ते 90 मेगाहर्ट्झमध्ये अडकलेला, म्हणून इथली दोन-तीनच स्टेशनं लागतात. लेकीनं त्या बाईचं नाव ‘मावशी’ ठेवलंय आणि तिची वायर काढू देत नाही.

आपल्याकडे गाडीची परीक्षा एकाच प्रश्नानं होते: “बंद पडत नाही ना?” बाबांनी फोनवर हेच विचारलं, दादानं हेच, आणि विक्रेत्याचंही सगळं भाषण ह्याच एका गोष्टीभोवती होतं. त्या परीक्षेत आमची गाडी जवळजवळ पास होती. एकच खोड. सिग्नलवरून निघताना पहिले काही क्षण हुडहुडी भरल्यासारखी कापायची. सीव्हीटी (पायऱ्या नसलेल्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सच्या जुन्या गाड्यांमध्ये हे दिसतं. आमचा मेकॅनिक फिजीचा, पणजोबांच्या काळी तिथे गेलेल्या गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांच्या, घरातला, आणि त्याची हिंदी ऐकायला फार गोड. तो म्हणाला, “भाभी, पहिले तेल बदलो, और ओही तेल डालना जो कंपनी बोले, दूसरा नहीं.” तेल बदललं, कापणं बरंच कमी झालं, पूर्ण गेलं नाही. गिअरबॉक्स बदलण्याचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त, म्हणून तो विषय तिथेच संपला.

इतक्या जुन्या गाडीला वर्षाला एकदा ‘वॉरंट ऑफ फिटनेस’ हा तपासणीचा दाखला घ्यावा लागतो; इथे सगळे त्याला ‘वॉफ’ म्हणतात. टायरची नक्षी दीड मिलिमीटरपेक्षा कमी झाली की नापास. सांगाड्याला गंज, ब्रेक असमान, सीटबेल्टची कड उसवलेली, एअरबॅगचा दिवा पेटलेला, तरी नापास. आपल्याकडच्या पीयूसीसारखा हा खिडकीतून हात बाहेर काढून घ्यायचा कागद नाही. गाडी खरोखर खड्ड्यावर घेतात, बॅटरी मारून खालून बघतात. आमची दर वेळी पास. मग मीही निर्धास्त होते.

पण वॉफ बघतं ते तपासणीच्या दिवशी डोळ्यांना दिसणारं. इंजिन-गिअरबॉक्सची तब्येत त्यात येत नाही, आणि कारखान्यातूनच एखादा भाग चुकीचा बसून आला असेल तर तोही नाही. एअरबॅगचा दिवा विझलेला असतो, कारण वायरिंग ठीक असतं. आतला डबा कसा आहे हे दिव्याला काय माहीत?

हा डबा म्हणजे इन्फ्लेटर. धडक बसली की त्यातलं रसायन पेटतं, वायू तयार होतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पिशवी फुगते. टकाटा ह्या जपानी कंपनीनं त्यात अमोनियम नायट्रेट वापरलं होतं, आणि बऱ्याच इन्फ्लेटरमध्ये ओल शोषून घेणारा पदार्थ घातलाच नव्हता. दमट हवा आणि रोजचं तापणं-निवणं ह्यानं ते रसायन वर्षानुवर्षं हळूहळू बिघडतं. मग अपघातात ते नेमानं पेटण्याऐवजी स्फोटासारखं उडतं आणि धातूच्या डब्याचेच तुकडे पिशवी फाडून समोरच्या माणसात घुसतात. अमेरिकेत 2009 मध्ये अठरा वर्षांच्या एका मुलीचा जीव असाच गेला. तिथला ह्यातला पहिला ज्ञात मृत्यू तो. पुढे तिथे जवळपास 6 कोटी 70 लाख इन्फ्लेटर बदलण्याचा हुकूम निघाला. 2017 च्या जूनमध्ये टकाटानं दिवाळखोरी जाहीर केली. सर्वांत वाईट मानले गेलेले इन्फ्लेटर 2001 ते 2003 च्या होंडा आणि अ‍ॅक्युरा गाड्यांमध्ये होते. एअरबॅग उघडली तर त्यातले पन्नास टक्क्यांपर्यंत फुटू शकतात, असं अमेरिकेच्या सरकारी यंत्रणेनं 2016 मध्ये सांगितलं. त्या ‘अल्फा’ प्रकारासाठी न्यूझीलंड सरकारनं एप्रिल 2018 मध्ये सक्तीचा रिकॉल काढला, म्हणजे सदोष भाग बदलण्यासाठी गाड्या परत बोलावल्या.

आता ह्यातली गंमत बघा (गंमत म्हणायचं, दुसरं काय). ह्या गाड्या सहसा बंद पडत नाहीत! मालक त्यांच्यावर खूश असतात, म्हणूनच त्या वीस वर्षं टिकतात, चार हातांतून जातात, आणि त्यांच्यासोबत तो डबाही वीस वर्षांचा होतो. गाडी कुरकुर करत असती तर कधीच भंगारात गेली असती.

आणि बोटीनं आलेल्या गाडीला रिकॉलचं पत्र पाठवायचं तरी कुणाला? जपानमधली नोंदणी रद्द झालेली. मे 2018 पासून जपाननं धोकादायक इन्फ्लेटर न बदललेल्या गाड्यांचं शाकेन रोखलं, पण आमची तर त्याच्या कितीतरी आधी तिथून निघालेली. इथे पत्र जातं ते नोंदणीतल्या पत्त्यावर, आणि भाड्याच्या घरात राहणारी माणसं पत्ते भराभर बदलतात. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एका काकांनी “सगळ्यांनी आपापल्या गाड्या बघून घ्या” असं लिहिलं नसतं, तर मी तरी कशाला बघायला गेले असते? त्या गटावर एरवी आंब्यांच्या पेट्या आणि गुड मॉर्निंगची फुलं येतात, त्यामुळे अर्ध्या लोकांनी तो संदेश वाचलाच नसेल.

बघायचं कसं, ह्यातही एक मेख आहे, आणि जपानी गाडी असणाऱ्यांनी ती नीट लक्षात ठेवा. जपानमध्ये विकलेल्या गाडीला सतरा अक्षरांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख नंबर, नसतो; तिचा छोटा चॅसिस नंबर असतो, आधी मॉडेलची अक्षरं, मग आडवी रेघ, मग आकडे. इथे उतरल्यावर तिला ‘7ए’नं सुरू होणारा नवा सतरा अक्षरी नंबर मिळतो. कंपनीच्या जागतिक संकेतस्थळावर हा इथला नंबर टाकला तर काहीच सापडत नाही, आणि आपण समजतो की सुटलो. मूळ चॅसिस नंबर बॉनेट उघडल्यावर आतल्या पत्र्यावर कोरलेला असतो. मी जुना टूथब्रश घेऊन त्यावरचा मळ घासला, फोनच्या उजेडात आकडे वाचले, आणि कंपनीच्या इथल्या कार्यालयाला कळवले. दोन दिवसांनी उत्तर: पुढच्या डाव्या सीटसमोरच्या एअरबॅगचा रिकॉल बाकी.

म्हणजे मी बसते ती जागा. गाडी बहुतेक वेळा नवराच चालवतो.

विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, रिकॉल ही कंपनीची भानगड, त्यात आम्ही पडत नाही. मी विचारलं, विकण्यापूर्वी तपासलं होतं का? त्यावर त्यानं गाडी कशी चालतेय ते विचारलं. पुन्हा तेच, बंद पडत नाही ना!

दुरुस्ती मात्र फुकट. गाडी कितीही जुनी असो, कितव्याही हातातली असो, एक डॉलर लागला नाही. दिलेल्या तारखेला सकाळी गेलो. तोपर्यंत मी मागच्या सीटवर बसत होते, लेकीच्या बूस्टर सीटशेजारी, बिस्किटांचे तुकडे झाडत. तिथल्या मुलानं ग्लोव्ह बॉक्स काढला, बॅटरीची तार आधीच सोडवून ठेवली होती, आणि हात आत घालून चाचपत स्क्रू सैल केले. मी काचेतून बघत होते. बाहेर आला तो राखाडी धातूचा नळकांडा, पोहे-चहाच्या गाडीवरच्या साखरेच्या डब्याएवढा. अंगावर ना गंज, ना भेग. तोच मुलगा म्हणाला की बाहेरून बघून काहीही कळत नाही, आणि तो जपून एका ठरलेल्या खोक्यात ठेवला. जुने सगळे मोजून परत पाठवावे लागतात. तासा-दीड तासात काम संपलं. बॅटरी सोडवल्यामुळे रेडिओची स्टेशनं पुसली गेली. मावशी मात्र शाबूत.

हे सगळं लिहायचं कारण तुम्ही तिकडे आहात म्हणून. दमट आणि उष्ण हवा हे मूळ दुखणं असेल, तर कोकण आणि मुंबईइतकी त्याला पोषक जागा शोधून सापडणार नाही. 2014 च्या जुलैमध्ये मलेशियात एका गरोदर बाईचा बळी गेला, तो 2003 सालच्या होंडा सिटीत. आपल्याकडे ‘डॉल्फिन’ म्हणून ओळखली जायची तीच पिढी. होंडानं सप्टेंबर 2015 मध्ये भारतात सव्वादोन लाखांच्या घरात गाड्या ह्याच कारणासाठी परत बोलावल्या, 2003 ते 2012 दरम्यानच्या. त्यातल्या किती आज सांगलीत, साताऱ्यात, रत्नागिरीत तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे आहेत? सेकंड हँड गाडी घेताना आपण मीटर बघतो, टायर बघतो, ओळखीच्या मिस्त्रीला इंजिनाचा आवाज ऐकवतो. चिपळूणमध्ये 2021 च्या पुरानंतर तर कार्पेट उचलून चिखल शोधायचीही सवय लागली. रिकॉल बाकी आहे का, हे विचारणारा मला अजून भेटलेला नाही.

भारतात उत्पादकांच्या संघटनेनं 2012 मध्ये स्वेच्छेनं रिकॉल करण्याची पद्धत सुरू केली. 2019 च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यानं सरकारला सक्तीनं रिकॉल काढायचा अधिकार दिला. कायदा आहे, पण गाडीचा नंबर घेऊन तपासायला बसायचं काम मालकाचंच. आरसी बुकावर चॅसिस नंबर असतो, आणि मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळावर तो टाकायची सोय असते. पाच मिनिटांचं काम आहे. साइट चालत नसेल तर सर्व्हिस सेंटरला फोन करा आणि ‘सर्व्हिसिंग’ असं न म्हणता थेट ‘एअरबॅगचा रिकॉल’ असं म्हणा, नाहीतर ते तुम्हाला ऑइल चेंजची ऑफर सांगत बसतील.

दादाची जुनी सेडान मी ह्याच हट्टानं तपासायला लावली. आधी म्हणाला, “अगं, कधी बंद पडली नाही ती, मुंबईपर्यंत जाऊन येते.” तीन आठवडे टाळाटाळ केली, मग वहिनीनं आरसीचा फोटो मला परस्पर पाठवला. नंबर यादीत निघाला. कोल्हापूरच्या सर्व्हिस सेंटरनं पुढच्या महिन्यातली तारीख दिली आहे. दादाचा कालचा मेसेज: “फुकटच आहे म्हणतेस, तर एसीचंही त्यातच करून देतील का विचार ना.”