बेसी हेडचं आधी काय वाचू?

बेसी हेड या आफ्रिकन लेखिकेचं नाव माझ्या बोलण्यात सारखं येतं, आणि ते आलं की समोरून प्रश्नही येतो: तिचं आधी काय वाचू? मागच्या महिन्यात आमच्या वाचकगटातल्या एका मुलीने तो विचारला आणि लगेच पुढे म्हणाली, "ती वेड्यांच्या इस्पितळात जन्मली ना, ते ज्यात आलंय तेच पुस्तक सांगा." तिला तिथे घाईत उत्तर दिलं होतं. आता तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

आधी 'सेरोवे: व्हिलेज ऑफ द रेन विंड' वाचा. 1981 साली आलेलं हे पुस्तक कादंबरीही नाही आणि आत्मकथाही नाही. बोट्स्वानातल्या सेरोवे या मोठ्या गावात फिरून, शंभराच्या आसपास माणसांशी बोलून बेसीने लिहिलेली ही गावाची हकीकत आहे. तिच्यावर लिहिणारे बरेच जण या पुस्तकाचा उल्लेख दोन ओळींत उरकतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

जन्माची गोष्ट टाळून तिच्याबद्दल बोलता येत नाही, म्हणून ती एकदा सांगून टाकते. 6 जुलै 1937 रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या पीटरमॅरित्झबर्गच्या मनोरुग्णालयात एका सधन गोऱ्या घरातल्या बाईला मुलगी झाली. (1893 साली गांधीजींना गाडीतून उतरवलं ते स्टेशन याच गावचं.) बाप काळा होता, यापलीकडे त्याच्याबद्दल काही कळत नाही. मूल आधी एका गोऱ्या कुटुंबाने घेतलं, रंग लक्षात आल्यावर परत केलं, आणि मग हीथकोट नावाच्या मिश्रवंशीय कुटुंबात ते वाढलं. बेसी नेली हीथकोटलाच आई समजत होती. डर्बनच्या मिशनच्या वसतिगृहात असताना, चौदा वर्षांची झाल्यावर, सुट्टीत घरी जाऊ नकोस असं तिला सांगण्यात आलं. नेली तुझी आई नाही, तुझी खरी आई वेडी होती, हेही तेव्हाच कळवलं गेलं. काळ्या माणसाशी संबंध आला म्हणूनच आईला कोंडलं, असं बेसी पुढे सांगत असे. चरित्रकारांना वेगळं दिसलं: मोठा मुलगा अपघातात गेल्यापासून ती बाई आजारीच होती आणि आधीही रुग्णालयात राहून आली होती.

ही हकीकत इतकी जड आहे की तिच्याखाली लेखिका दबून जाते. वाचक मग प्रत्येक पानावर त्या मुलीलाच शोधत बसतो. म्हणून मी लोकांना तिकडून आत नेत नाही, बातमीदार बेसीकडून नेते.

मी स्वतः काही वर्षं एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत बातमीदारी केली आहे, त्यामुळे तिच्या आयुष्यातला हा भाग मला फार जवळचा वाटतो. डर्बनला शिक्षिकेची नोकरी करताना ती एम. एल. सुलतान ग्रंथालयात जाऊन हिंदू धर्मावरची आणि गांधीजींची पुस्तकं वाचायची. 1958 साली तिने शाळा सोडली आणि केपटाउनला जाऊन 'गोल्डन सिटी पोस्ट' या साप्ताहिकात बातमीदार म्हणून नाव लावलं. काळ्या वाचकांच्या 'ड्रम' मासिकाच्या घराण्यातलंच हे पत्र. पुढच्या वर्षी जोहान्सबर्गला 'होम पोस्ट'मध्ये ती तरुण वाचकांसाठी सदर लिहू लागली. मार्च 1960 मध्ये रॉबर्ट सोबुक्वे यांच्या पॅन-आफ्रिकनिस्ट काँग्रेस या वर्णद्वेषाविरुद्ध लढणाऱ्या पक्षात ती सामील झाली. त्याच महिन्यात शार्पव्हिलला पोलिसांनी निदर्शकांवर गोळीबार करून 69 माणसं मारली, पक्षावर बंदी आली, धरपकड झाली, तिलाही अटक झाली. त्यानंतर केपटाउनला परतून तिने 'द सिटिझन' नावाचं स्वतःचं छोटं पत्र काढलं. हॅरल्ड हेड या पत्रकाराशी लग्न झालं, मुलगा झाला, संसार मात्र टिकला नाही.

1964 च्या मार्चमध्ये, पासपोर्ट मिळत नाही म्हणून, परत येता येणार नाही अशा परवान्यावर ती लहान मुलाला घेऊन बेच्वानालँडला, म्हणजे आजच्या बोट्स्वानाला, निघाली. सेरोवेच्या शाळेत नोकरी होती. ती नोकरी वर्ष-दोन वर्षांत सुटली. मग निर्वासित म्हणून जगणं, फ्रान्सिसटाउनला पोलिसांकडे नियमित हजेरी, आणि दुष्काळ. 1966 साली बेच्वानालँडचं बोट्स्वाना झालं तरी तिला नागरिकत्व मिळालं ते थेट 1979 साली, तेही एकदा नाकारल्यावर.

पहिली कादंबरी आली तीही पत्रकारितेच्या वाटेने. लंडनच्या 'न्यू स्टेट्समन'मध्ये तिचा एक लेख छापून आला, तो वाचून अमेरिकेतल्या एका प्रकाशनाने कादंबरी मागितली. 1968 ची 'व्हेन रेन क्लाउड्स गॅदर' ती हीच. सीमा ओलांडून आलेला एक तरुण, शेतीत नवे प्रयोग करणारा एक इंग्रज, नगदी पीक म्हणून तंबाखू लावायला पुढे आलेल्या बाया, आणि पाऊस नाही. त्या बायांतल्या पॉलिनाचा, गुरांमागे रानात राहिलेला लहान मुलगा तिथेच क्षयाने मरतो. त्या प्रकरणात बेसी आवाज चढवत नाही. मेलेली गुरं, गिधाडं, पोराने लाकडातून कोरून ठेवलेल्या वस्तू, एवढंच समोर ठेवते. जे दिसलं ते नीट लिहायचं, ही शिस्त बातमीदाराची.

आता सेरोवे. 1971 मध्ये बेसीचं मन पूर्ण कोलमडलं आणि तिला लोबात्सेच्या मनोरुग्णालयात राहावं लागलं. गाव आपल्या विरुद्ध उठलंय असं तिला वाटत होतं. त्या अनुभवातून 'अ क्वेश्चन ऑफ पॉवर' ही कादंबरी आली, 1973 मध्ये. आणि त्यानंतर ती काय करते, तर त्याच गावाच्या दारोदार जाऊन लोकांना विचारते: तुमचं आयुष्य सांगा. सेत्स्वाना तिला सफाईने येत नव्हती, म्हणून दुभाष्याची मदत घेते. परकी म्हणून जिला गावाने पुरतं आत घेतलं नव्हतं, तिने त्या गावाचा इतिहास त्याच्याच तोंडून लिहून घेतला. याहून धीराचं काम मला तिच्या आयुष्यात दुसरं दिसत नाही.

पुस्तकाचे तीन भाग आहेत, तीन माणसांभोवती. पहिला राजा तिसरा खामा यांचा. त्यांनी दारू बंद केली, लग्नात गुरं देण्याची प्रथा मोडली आणि 1902 साली पाण्यासाठी सगळी वस्ती उचलून सेरोवेला आणली. दुसरा त्यांचा मुलगा त्शेकेदी यांचा. त्यांनी लोकांच्या श्रमातून मोएंगचं विद्यालय उभं केलं. पण राजांची वाक्यं कमीच. बोलतात ती मडकी घडवणारी, कातडी कमावणारी, छप्परं शाकारणारी माणसं, वस्ती हलली ती आठवण अजून धरून असलेली म्हातारी माणसं. प्रत्येक जण 'मी' म्हणून स्वतः बोलतो आणि बेसी मध्ये येत नाही. जिल्ह्याच्या बातम्या लिहिताना माणसाला त्याचं वाक्य पूर्ण करू देणं किती अवघड असतं, हे मी जवळून पाहिलंय. इथे ते पानोपानी साधलंय.

तिसऱ्या भागात पॅट्रिक व्हॅन रेन्सबर्ग येतात. वर्णद्वेषाला विटून दक्षिण आफ्रिका सोडलेल्या या माणसाने 1963 साली स्वानेंग हिल शाळा काढली. मुलांनी तिच्या इमारती स्वतः बांधल्या, पुढे गवंडीकाम, शेती, विणकाम शिकवणारी पथकं निघाली. बेसीही त्या उद्योगातली. बोसेले सियानाना या सोबतिणीबरोबर ती बागेत राबायची. तिथे रसभरी लावली, तिचा जॅम करून विकला.

तेव्हा क्रम असा धरा. 'सेरोवे'चा तिसरा भाग आधी वाचा, कारण त्यातली माणसं आपल्या काळाला जवळची आहेत, आणि मग पहिल्या दोन भागांकडे वळा. त्यानंतर 1977 चा कथासंग्रह 'द कलेक्टर ऑफ ट्रेझर्स' घ्या. 'सेरोवे'त ऐकलेल्या घरांतल्या बायकांचं काय होतं ते तिथे कळेल, आणि नवऱ्याला मारून तुरुंगात आलेली दिकेलेदी तुम्हाला बरेच दिवस सोडणार नाही. मग 'रेन क्लाउड्स' आणि 'मारू' या कादंबऱ्या. 'अ क्वेश्चन ऑफ पॉवर' सर्वांत शेवटी. त्यातली नायिका एलिझाबेथ हिच्या डोक्यातला गोंधळ वाचताना दम लागतो. पण तिच्या बागेतली रसभरी तुम्ही आधी पाहिलेली असेल, त्यातल्या केनोसी या पात्रामागची खरी बोसेले ओळखीची झाली असेल, आणि एलिझाबेथ कशाला धरून उभी राहते ते तुम्हाला वेगळं सांगावं लागणार नाही.

17 एप्रिल 1986 रोजी बेसी सेरोवेतच गेली, कावीळ होऊन, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. आत्मचरित्र लिहायचं ठरलं होतं, ते राहिलं. तिची दोन हजारांवर पत्रं मात्र गावातल्या तिसरा खामा स्मारक संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत. त्यातली काही पुस्तकरूपाने आली आहेत. क्रम पुरा झाला की तीही वाचा, आणि मग आपण पुन्हा बोलू.