पुसायचा राहिलेला ठसा

खिडकीच्या काचेवर पक्षी आपटल्याचा ठसा अजून तसाच आहे. सकाळी ऊन तिरपं होतं तेव्हा दिसला, दुपारी दिसेनासा झाला, आणि आता दिवा लावल्यावर पुन्हा उमटलाय. दोन्ही पंख पसरलेले, मधे छातीचा गोल, वर डोकं एका अंगाला वळलेलं. उजव्या पंखाच्या टोकाची पिसं एकेक करून मोजता येतात. खाली पक्षी नाही. एक राखाडी पीस आहे, बोटभर लांब. त्याचं काय करायचं ते नंतर.

ताई म्हणाली, "खाली काही नाही ना? मग गेलं असेल उडून."

त्या वाक्याला धरून दिवस काढायचा प्रयत्न केला. जमलं नाही. उडून जाणं म्हणजे वाचणं नव्हे. काचेवर आपटून पक्ष्याची मान मोडते असं आपण समजतो, पण अमेरिकेतले पक्षिशास्त्रज्ञ डॅनियल क्लेम, जे १९७०च्या दशकापासून या एकाच प्रश्नामागे आहेत, त्यांना मेलेले पक्षी तपासताना बहुतेकदा डोक्याच्या आत रक्तस्राव सापडला. मान मोडलेली नव्हतीच. असा पक्षी आपटतो, सावरतो, उडतोसुद्धा, जवळच्या झाडीत जाऊन बसतो आणि काही तासांनी तिथेच मरतो. क्लेम यांच्या निरीक्षणांत निदान निम्म्या धडका जीवघेण्या ठरल्या. निम्म्या. म्हणजे ताईचं म्हणणं खरं असायची शक्यता तेवढीच, आणि नसायचीही.

आणि हा ठसा उमटला हासुद्धा निव्वळ योग. पारवे आणि होले यांच्या पिसांवर केराटिनची, म्हणजे आपली नखं ज्या द्रव्याची बनतात त्याच द्रव्याची, पिठासारखी बारीक पूड असते. पाणी पिसांत मुरू नये म्हणून तिचा उपयोग. धडकेच्या क्षणी ती काचेला चिकटते आणि असं सगळं चित्र मागे राहतं. चिमणीएवढ्या पक्ष्याच्या अंगावर अशी पूड नसते. तो आपटला तर फार तर एखादं मऊ पीस चिकटेल, एरवी काच स्वच्छच. म्हणजे मला आज एक धडक दिसली ती पक्षी पूड असलेला होता म्हणून. आधीच्या किती दिसल्या नाहीत, हा विचार मी दुपारपासून बाजूला सारतेय आणि तो पुन्हा येऊन बसतोय.

मी मारलं का?

मारायला काच लावली नव्हती. उजेड यावा, झाड दिसावं म्हणून लावली. झाड दिसतं, तेच तर झालं. बाहेरून त्या काचेत तेच झाड दुसऱ्यांदा उभं असतं, मागे आकाशासकट. पक्ष्याला काच नावाची वस्तू कळायला काही मार्गच नाही. पारदर्शक आणि तरीही कठीण असं त्याच्या वाटेत दुसरं काही येत नाही. शिवाय बऱ्याच पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्यामुळे आजूबाजूचं खूप दिसतं आणि नेमकं समोरचं तितकंसं बारकाईने दिसत नाही. झाडीतून जाताना पानांमधली फट हेरायची आणि त्यातून निघायचं, ही त्यांची रीत. काच ही त्यांच्या दृष्टीने सगळ्यात मोठी फट.

दुपारी फार वाईट वाटून घेतलं. हे कुणी आधी का सांगितलं नाही, खिडकी बसवताना वारा, पाऊस, चोर सगळ्यांचा विचार होतो आणि याचा नाही, मग आता दोष एकट्या माझ्याच माथी का, असं बरंच काही. लिहून ठेवतेय, कारण त्या वेळी ते खरंच तसं वाटत होतं.

दादा तेव्हाच म्हणाला, "कबूतरच ना? कमी आहेत का?"

मला राग आला, पण हा प्रश्न टाकाऊ नाही. अमेरिकेतले निसर्गलेखक आल्डो लिओपोल्ड यांची भूमिनीती, म्हणजे माणसाने जमिनीशी आणि तिच्यावरच्या सगळ्या जीवांशी कसं वागावं याचा विचार, १९४९ मध्ये छापून आली. जीवसमूहाची अखंडता, स्थैर्य आणि सौंदर्य ज्याने टिकतं ते योग्य, अशी त्यांची कसोटी. तिच्यावर एक पारवा घासून बघितला तर काहीच निघत नाही. पारवे होते तेवढेच राहतात, समूहाला ओरखडाही येत नाही. पीटर सिंगर यांच्यासारखे विचारवंत १९७०च्या दशकापासून उलट बाजूने सांगत आलेत की ज्याला वेदना होते त्याची वेदना हिशेबात धरायलाच हवी, मग त्याची जात विपुल असो की दुर्मीळ. त्या कसोटीवर हा एक पक्षी पुरेसा आहे. दोन्हीकडची माणसं निसर्गाच्याच बाजूची, आणि तरी त्यांची उत्तरं एकमेकांना छेदतात. मला लिओपोल्ड फार जवळचे वाटतात. पण समोर पिसं मोजता येतील असा ठसा असताना "समूहाला फरक पडत नाही" हे माझ्या तोंडून निघत नाही.

आणि समूहाचाच हिशेब मांडला तरी काच सुटत नाहीच. अमेरिकेत इमारतींवर आपटून वर्षाला ३६ ते ९९ कोटी पक्षी मरतात असा अंदाज २०१४ च्या एका अभ्यासात निघाला. मी धरून चालले होते की हे सगळं गगनचुंबी इमारतींचं पाप. त्यांचा वाटा एक टक्काही नाही. घरांचा वाटा सुमारे ४४ टक्के, उरलेला जवळजवळ सगळा कमी उंचीच्या इतर इमारतींचा. एका घरामागे वर्षाला थोडेच पक्षी, पण घरं अफाट. मोठ्या इमारतीखाली एका पहाटे खच पडतो तेव्हा बातमी होते. शिकागोत ५ ऑक्टोबर २०२३ ला एकाच इमारतीखाली जवळजवळ हजार स्थलांतरी पक्षी मेलेले सापडले, तेव्हा झाली तशी. घराखाली एक पडतो आणि पहाटेच मांजर उचलून नेतं.

पण शिकागोच्या त्याच इमारतीच्या काचांवर २०२४ च्या उन्हाळ्यात ठिपक्यांची फिल्म बसवली, आणि त्या शरदात मृत्यू सुमारे ९५ टक्क्यांनी घटले. संध्याकाळी हे पुन्हा वाचलं आणि रडणं थांबलं. करता येतं. मग बसून राहण्याला काय अर्थ?

तर काय करायचं ते.

ससाण्याच्या आकाराचं एकच स्टिकर चिकटवून उपयोग नाही. ससाणा हलत नाही, त्यामुळे पक्ष्याला तो ससाणा वाटतच नाही. फक्त तेवढा तुकडा टाळून तो शेजारी आपटतो. आतून पडदा लावला तरी बाहेरचं प्रतिबिंब तसंच राहतं, म्हणून खुणा काचेच्या बाहेरच्या अंगाला हव्यात. आणि सबंध काचेवर हव्यात, आडवं-उभं ५ सेंटिमीटर अंतर ठेवून. हे अंतर अंदाजपंचे ठरलेलं नाही. त्याहून मोठ्या फटीतून आपण जाऊ शकतो असं लहान पक्षी धरून चालतात. बहुतेक जण इथेच चुकतात. ठिपके विरळ बरे दिसतात म्हणून हातभर अंतराने लावतात, मग पक्षी मधून जायला बघतो आणि आपटतो. ठिपका निदान ६ मिलिमीटर व्यासाचा, काचेतल्या प्रतिबिंबावर उठून दिसेल असा. आपल्याला न दिसणाऱ्या, अतिनील किरणांच्या खुणाही मिळतात, पण अतिनील सगळ्या पक्ष्यांना सारखं दिसत नाही, आणि पारव्यांना तर ते गाणाऱ्या छोट्या पक्ष्यांपेक्षा कमीच दिसतं. साधे पांढरे ठिपके बरे.

माझं तावदान १२० बाय ९० सेंटिमीटर. कडेपासून अडीच सेंटिमीटर सोडून सुरुवात केली तर २४ उभ्या ओळी, प्रत्येकीत १८ ठिपके, एकूण ४३२. त्यांचं क्षेत्रफळ काढलं. काचेच्या एका टक्क्याहून किंचित जास्त. झाड बघायला उरतात जवळजवळ नव्व्याण्णव टक्के. हा आकडा बघून मला लाज वाटली. मी मनात केवढा मोठा त्याग धरून बसले होते.

जाळी लावायची तर काचेपासून चार बोटं दूर आणि ताठ, म्हणजे पक्षी जाळीवर आदळून परत फिरेल, काचेपर्यंत पोचणार नाही. ढिली सोडली तर तो तिच्यात अडकतो. दाण्याचं आणि पाण्याचं भांडं एकतर काचेला अगदी लागून, मीटरच्या आत, म्हणजे पक्ष्याला वेग घ्यायला जागाच मिळत नाही, नाहीतर पुष्कळ दूर. मधलं अंतर सगळ्यात वाईट. आमचं भांडं कुठे आहे ते आज लिहवत नाही. उद्या हलवते.

पक्षी खाली सापडला असता तर काय करायचं तेही पाठ आहे. झाकणाचा पुठ्ठ्याचा खोका, भोकं पाडलेला, तळाला कापड. आत ठेवायचं, झाकायचं, अंधारात आणि शांततेत. पाणी पाजायचं नाही, चोचीत काही घालायचं नाही, कारण ते श्वासनलिकेत जातं. सारखं उघडून बघायचं नाही. तास-दोन तासांनी घराबाहेर नेऊन खोका उघडायचा आणि बाजूला व्हायचं. हवेत उडवायचं नाही. उडाला नाही तर वन्यजीव बचाव करणाऱ्यांकडे. हे सगळं मला केव्हापासून माहीत आहे. पडलेल्याला उचलायचं पाठ केलं आणि काचेकडे बघितलं नाही.

कालपर्यंतचं मी अपघात म्हणेन. माहीत नव्हतं असं नाही, पण माझ्या काचेवर होतं हे माहीत नव्हतं. उद्या सकाळी कोणी आपटलं तर तो शब्द मला वापरता येणार नाही. दिवसभर जे टोचतंय ते हेच असावं. मारल्याचा दोष म्हणण्यापेक्षा, आता कळल्याचा.

ठिपके यायला वेळ लागेल, म्हणून संध्याकाळी अंगाच्या साबणाची कोरडी वडी घेतली आणि तीन तावदानांवर बाहेरून उभ्या रेघा ओढल्या, चौकटीवर पेन्सिलीने दर ५ सेंटिमीटरला खूण करून. पाऊस आला तर धुऊन जातील, पुन्हा ओढायच्या. हात उंच धरून दुखतोय.

चौथं राहिलं. रेघा त्याच्यावरही निघाल्या असत्या, पण मधे तो आहे. ठिपके लावायचे तर काच आधी साबणाच्या पाण्याने धुवायची, मग स्पिरिटने पुसायची, तंतू न सोडणाऱ्या कापडाने कोरडी करायची. कणभर धूळ राहिली तरी ठिपका कडेने सुटतो. ही पूड तर पहिल्या फडक्यातच जाईल.

उन्हं वर यायच्या आत पुसायला हवं. पक्षी उजाडताच निघतात. बादली भरून दाराशी ठेवली आहे.