'आय' आणि 'लाइक'च्या मधे

उत्तरायणाची, म्हणजे बडोद्यातल्या पतंगांच्या संक्रांतीची दुपार. गच्चीवर 'काप्यो छे', म्हणजे 'पतंग कापला'चा आरडाओरडा टिपेला पोचलेला. तेवढ्यात नातीने सेव-उसळीची बशी माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "आजोबा, आय डोन्ट रिअली लाइक इट."

टोरांटोहून पंधरा दिवसांसाठी आलेलं पोर. त्या गोंगाटात मला 'डोन्ट', 'रिअली' आणि 'लाइक' एवढं ऐकू आलं. मी मुकाट्याने बशी काढून घेतली. जिन्यात हिने गाठलं.

"काय झालं?"

"तिला मुळीच आवडली नाही."

ही सकाळपासून वाटाणे शिजवून, तरीला तेल सुटेपर्यंत गॅसपाशी उभी राहिलेली. काही न बोलता खाली निघून गेली. हिचं न बोलणं म्हणजे काय, ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. शेवटी मुलाने हातातली फिरकी दुसऱ्या कुणाकडे कोंबली आणि मध्यस्थीला आला. "अहो बाबा, ती 'डोन्ट रिअली' म्हणाली. म्हणजे फारशी नाही आवडली. 'रिअली डोन्ट' म्हणाली असती, तर अजिबात नाही आवडली!"

घ्या. शब्द तेच. 'रिअली'ने फक्त एक घर सरकायचं आणि इकडे म्हातारीचा अख्खा सण जायचा. आपण बापडे 'फारसं' आणि 'अजिबात' असे दोन वेगळे शब्द पदरी बाळगतो. इंग्रजांची काटकसर अशी, की एकाच माणसाला या खुर्चीवरून उठवून त्या खुर्चीवर बसवलं की झालं.

मला दांडिया बाजारातली ट्यूशन आठवली. आमचे सर शिकवायचे इंग्रजी, समजवायचे मराठीत आणि रागवायचे गुजरातीत. "सयाजीराव महाराजांनी १९०६ सालीच अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तरी तुम्ही असे निघालात!" हे पालुपद मात्र मराठीत. एकदा मी फळ्यावर लिहिलं, 'आय ड्रिंक ऑलवेज मिल्क'. सरांनी आम्हा दोघा पोरांना समोरासमोर उभं केलं, एक 'आय' आणि एक 'ड्रिंक', आणि खुंटीवरचं स्वतःचं उपरणं काढून मधे धरलं. "हा अंतरपाट. ऑलवेज, नेव्हर, ऑफन, युजुअली, सगळे इथे. ड्रिंक आणि मिल्कच्या मधे शिरायचं नाही. ते जोडपं आहे."

"मग 'आय ॲम ऑलवेज लेट' कसं, सर?" मागच्या बाकावरून प्रश्न आला. विचारणारा रोज उशिरा यायचा, म्हणून ते वाक्य त्याला पाठ.

सरांनी क्षणभर हातातल्या उपरण्याकडे पाहिलं. "आय आणि ॲम एकमेकांना इतके चिकटून असतात की मधे सुई जायची नाही. पाहुण्याने पलीकडे बसायचं." आता 'आय हॅव नेव्हर सीन' घ्या. 'हॅव' आणि 'सीन' दोघं एकाच क्रियापदाच्या घरातली, तरी 'नेव्हर' खुशाल त्यांच्या मधे. याला मांडवात काय म्हणावं ते सरांना सुचलं नाही. उपरणं खुंटीवर गेलं आणि तास संपला.

मराठीत अंतरपाटाने कुठलं भागायला! आपल्याकडे सुरुवातीला 'मी', शेवटी क्रियापद, आणि मधे सगळा मांडव. "मी काल भर दुपारी, सुरसागरच्या कडेने, चपलेचा अंगठा तुटलेला, धाकटा कडेवर, हातात दोन पिशव्या..." ऐकणारा बसलाय जीव मुठीत धरून, की ही आता 'गेले' म्हणते की 'पडले'. माझी आई तर क्रियापदाच्या आधी पाणी प्यायला उठायची. आम्ही तसेच बसलेले.

माझं खरं दुखणं मात्र 'ओन्ली'. मराठीला 'च' आहे, हिंदीला 'ही' आहे, आणि इथल्या गुजरातीला 'ज'. 'मीच केलं', 'में ज कर्युं'. ज्या शब्दावर जोर हवा, त्याला शेपूट लावून मोकळं व्हायचं. इंग्रजीला हे शेपूट नाही. ते लोक बोलताना आवाजाने भागवतात. आम्हाला आवाजाची ती लकब येत नाही, म्हणून आम्ही 'ओन्ली'लाच शेपूट केलं.

नोकरीत असताना एकदा परदेशातून एक साहेब आला. समोर माझा तक्ता, दोन रात्री जागून केलेला. हा कोणी केला, असं त्याने विचारलं. मी छाती काढून म्हणालो, "आय ओन्ली प्रिपेअर्ड इट, सर." म्हणजे, मीच! दुसऱ्या कुणाचा हात नाही त्यात. त्याने तक्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "देन हू चेक्ड इट?" त्याच्या कानी पडलं होतं, मी नुसता तयार केलाय बरं का, पुढचं काही मला विचारू नका. छाती होती तिथे परत गेली. 'ओन्ली' एक घर आधी घेतला असता तर निदान तो माझा तक्ता माझ्या नावावर राहिला असता. अंतरपाटाच्या जागेवर सरांनी एवढं उपरणं झिजवलं, तरी 'ओन्ली'चं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. किंवा घेतलंही असेल, मी त्या दिवशी गेलो नसेन.

दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणाला, उरलेली उसळ हिने पुन्हा गरम केली, या वेळी कुणाला न विचारता. नात गच्चीच्या कोपऱ्यात पाय पसरून, पाव बुडवून बुडवून खात होती. मी जवळ जाऊन बसलो.

"मग? आज?"

तिने तोंडातला घास संपवला. "आय काइंड ऑफ लाइक इट."

'काइंड ऑफ'. हा कोण नवा पाहुणा? सरांच्या यादीत तो नव्हता आणि मधे तर ऐटीत बसला होता. मुलाला हाक मारून अर्थ विचारावा असं मनात आलं, पण तो पतंगाला कन्नी बांधत होता. मी बशीत डोकावलो. तरीचा थेंब उरला नव्हता.