कोलोन ते बॉन: सायरनच्या आधीची वाट

जर्मनीतल्या कोलोनपासून बॉन तीसेक किलोमीटर. एवढ्यासाठी मी आदल्या रात्री नकाशा उघडून बसले, टायरची हवा तपासून आले, टाकीत पेट्रोल किती आहे ते बघितलं, तेव्हा बाबांना, म्हणजे साताऱ्याहून आलेल्या सासऱ्यांना, राहवेना. "अगं, एवढ्या वेळात आपण कराडला पोचून चहासुद्धा घेतला असता."

घेतला असता, यात वाद नाही. बाबांनी उभी हयात खंबाटकी घाटात गाडी चालवली आहे आणि त्यांच्या मते तयारी म्हणजे देवाला नमस्कार आणि स्टेपनी. पण इथे तीस किलोमीटर असोत की तीनशे, एकदा ऑटोबानवर, म्हणजे इथल्या एक्स्प्रेस वेवर, चढलं की नियम तेच. पेट्रोल संपून गाडी बंद पडली तर इथे ती हळहळण्याची गोष्ट नसते, दंडाची असते. ऑटोबानवर थांबायलाच मनाई आहे, आणि काटा तर तुमच्या डोळ्यांसमोर होता, मग बघितला का नाहीत, असा सरळ हिशोब. गाडीत त्रिकोण हवा, चमकणारं जाकीट हवं, प्रथमोपचाराची पेटी हवी. त्या पेटीलाही मुदत असते. आपल्याकडे औषधाच्या बाटलीवरची तारीख कोणी बघत नाही आणि इथे बँडेजची बघतात, यावर बाबा बराच वेळ हसत होते.

रविवार मुद्दाम निवडला होता. रविवारी रात्री दहापर्यंत साडेसात टनांवरच्या ट्रकना इथे रस्त्यावर बंदी असते, दूध-भाजीसारखे काही अपवाद सोडून. एरवी उजवीकडची लेन म्हणजे पोलंडपासून पोर्तुगालपर्यंतच्या ट्रकची न संपणारी माळ. रविवारी तोच रस्ता ओळखू येत नाही. एक्स्प्रेस वेवर बोरघाटात तीन ट्रक शेजारीशेजारी एकमेकांना ओव्हरटेक करताना ज्यांनी अर्धा तास मागून बघितलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

हा ए-५५५ रस्ता म्हणजे साधासुधा नाही. ऑगस्ट १९३२ मध्ये कोलोनचे तेव्हाचे महापौर कोनराड आडेनाउअर यांनी त्याचं उद्घाटन केलं. म्हणजे हिटलर सत्तेवर यायच्या आधी. "ऑटोबान हिटलरने बांधले" हे वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकत आलेय, त्यामुळे हे कळलं तेव्हा उगाचच बरं वाटलं. हेच आडेनाउअर पुढे पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर झाले, बॉन राजधानी झाली, आणि दूतावासातले लोक या रस्त्यावरून इतक्या सुसाट जायचे की त्याला 'डिप्लोमॅटांची रेसची धावपट्टी' असं टोपणनाव पडलं. आता राजधानी बर्लिनला गेली. रस्ता वेसेलिंगजवळच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या चिमण्यांशेजारून जातो, आणि वारा त्या बाजूचा असेल तर काच बंदच ठेवावी लागते. आई म्हणाल्या, "चेंबूर आलं वाटतं."

बाबांचा पहिला प्रश्न, "टोलनाका कुठाय?" नाही. मोटारींना ऑटोबान फुकट. ट्रककडून २००५ पासून घेतात, आणि मोटारींकडूनही घ्यायचं घाटत होतं, पण योजनाच अशी आखली होती की भुर्दंड फक्त परदेशी गाड्यांना पडणार. ऑस्ट्रिया कोर्टात गेलं आणि २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने सगळी योजनाच मोडीत काढली. बाबांना ही गोष्ट फारच आवडली. फास्टॅगमधून पैसे कापले जाण्याचा आवाज आपल्या कानात कायमचा बसलेला असतो, त्यामुळे फुकटचा हायवे म्हटलं की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

तर वेसेलिंगच्या अलीकडे पुढच्या गाड्यांचे इशारादिवे लुकलुकायला लागले. वेग शंभरावरून साठावर, साठावरून वीसवर. आम्ही तिन्ही लेनपैकी मधल्या लेनमध्ये. माझ्या पुढे एक म्हातारे गृहस्थ होते, मागच्या काचेपाशी विणलेली उशी ठेवलेली. गाड्या पुरत्या थांबल्याही नव्हत्या आणि त्यांनी शांतपणे चाक उजवीकडे वळवलं, इतकं की उजवीकडच्या लेनमधल्या गाडीच्या आरशात आणि त्यांच्या आरशात फूटभर अंतर उरलं असेल. त्या उजवीकडच्यानेही जागा केली. डावीकडच्या लेनमधले सगळे डाव्या कठड्याला खेटले. मीही सरकले. आणि बघता बघता डावी आणि मधली लेन यांच्यामध्ये एक सरळ मोकळी पट्टी तयार झाली, पुढे नजर पोचेल तिथपर्यंत.

सायरन नव्हता. अजून कोणी फोनही केला असेल की नाही कोण जाणे. पुढे अपघात आहे, रस्त्याचं काम आहे की नुसतीच गर्दी, हे एकालाही माहीत नव्हतं. तरी वाट तयार.

बाबा काच खाली करून बाहेर डोकावले. मागे बघितलं, पुढे बघितलं. मग म्हणाले, "आणि यात कोणी घुसत नाही?"

कोणी घुसत नाही. दुचाकीसुद्धा नाही. काही मिनिटांनी मागून तो 'ता-तू-ता-ता' आवाज आला, आधी पोलिसांची गाडी, मग ॲम्ब्युलन्स, मग फायर ब्रिगेडचं मोठं धूड, तिन्ही त्या पट्टीतून न थांबता निघून गेल्या. ते धूड आमच्या शेजारून जाताना आमची गाडी हलली. मला वाटलं आता लोक आपापल्या जागी येतील. कोणी आलं नाही, कारण मागून अजून एखादी येऊ शकते. आणि आलीच, आणखी एक ॲम्ब्युलन्स.

रेटुंग्सगासे म्हणतात या वाटेला. नियम साधा आहे: डाव्या टोकाच्या लेनने डावीकडे व्हायचं, बाकी सगळ्या लेननी उजवीकडे, आणि तेही वाहतूक चालण्याच्या वेगावर आली की लगेच, सायरनची वाट न बघता. वाट केली नाही तर २०० युरो दंड, एक महिना गाडी चालवायला बंदी आणि दोन गुण. त्यातून गाडी घालून पुढे गेलात तर दंड २४० युरोंवर जातो. हे गुण फ्लेन्सबुर्ग नावाच्या गावातल्या कार्यालयात जमा होतात आणि आठ झाले की लायसन्स गेलं. परीक्षेत पास होण्यासाठी नाही, तर नापास होण्यासाठी गुण मिळवायचे, अशी ही जागा.

आता खरं सांगायचं तर दंड आपल्याकडे काही कमी नाही. २०१९ मध्ये मोटार वाहन कायदा बदलला तेव्हापासून ॲम्ब्युलन्सला वाट न देणाऱ्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, किंवा दोन्ही. कैद! जर्मनांनी नुसती वाट न करण्याला कैद ठेवलेली नाही. पण तो दंड झालेला माणूस मी अजून बघितलेला नाही, तुम्ही बघितला असेल तर कळवा. आणि आपल्या कायद्यात वाट 'द्यायची' आहे, म्हणजे ॲम्ब्युलन्स मागे येऊन भोंगा वाजवू लागल्यावर. तोपर्यंत तीन लेनमध्ये गाड्यांच्या पाच रांगा झालेल्या असतात आणि मनात असूनही कोणाला हलता येत नाही. इथे सगळी गंमत आधी सरकण्यात आहे. वाट उघडायला वेळ लागतो हे धरूनच नियम केलाय. मला राग येतो तो याचा. यात तंत्रज्ञान नाही, पैसा नाही, रुंद रस्ताही लागत नाही. दोन लेनच्या रस्त्यावरही हे करतात. म्हणजे आपल्याला जमू नये असं यात काहीच नाही.

बाबांना हे पटलं नाही. "आपल्याकडे अशी पट्टी सोडलीस तर पहिली रिक्षा घुसेल, तिच्यामागे पन्नास."

मग मी त्यांना लक्ष्मी रस्त्याची आठवण करून दिली. विसर्जन मिरवणूक, ढोल-ताशा, मुंगी शिरायला जागा नाही, आणि ॲम्ब्युलन्स आली की पोरं हाताला हात धरून साखळी करतात आणि लाखांची गर्दी दुभंगते. दरवर्षी त्याचे व्हिडिओ आपण एकमेकांना पाठवतो. वारीतही हेच. म्हणजे पायी असताना आपल्याला हे उत्तम येतं, जर्मनांनी बघायला यावं इतकं उत्तम. हातात स्टिअरिंग आलं की काय होतं कोण जाणे.

आणि इथलेही काही संत नाहीत. सुट्ट्यांच्या दिवसांत रेडिओवर ट्रॅफिकच्या बातम्यांबरोबर 'रेटुंग्सगासे करा' अशी आठवण करून देतात. ती काही हौस म्हणून नाही. अपघाताचे मोबाइलवर व्हिडिओ काढणाऱ्या बघ्यांचा इथे इतका सुळसुळाट झाला की मेलेल्या माणसाचं असं चित्रण हा आता फौजदारी गुन्हा आहे. मदत न करता निघून जाणं हाही गुन्हा, त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा. आपल्याकडे हायवेवर अपघात झाला तर शेतातनं माणसं धावत येतात, कोणाचा तरी टेम्पो मिळतो, कोणीतरी पाणी पाजतं, आणि यातल्या कोणालाच शिक्षेची भीती नसते. उलट भीती असते ती पोलिसांच्या चौकशीची, ती जावी म्हणून कायद्यात मदत करणाऱ्यांना संरक्षण द्यावं लागलं. हे मी जर्मन सहकाऱ्यांना नेहमी ऐकवते. ते मान डोलावतात आणि विचारतात, पण मग ॲम्ब्युलन्स किती वेळात येते? तिथे मी विषय पुलांकडे वळवते.

पुलांच्या बाबतीत मला बोलायला भरपूर आहे. इथून जवळच, ल्यूडेनशाइडजवळ ए-४५ वर रामेडे नावाचा साडेचारशे मीटरचा पूल होता. डिसेंबर २०२१ मध्ये तो धोकादायक म्हणून तडकाफडकी बंद केला. पाडायला उजाडला मे २०२३. तोपर्यंत आणि त्यानंतरही त्या गावाच्या गल्ल्यांतून ट्रक जात होते. आपला चांदणी चौकातला पूल २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये एका रात्रीत सुरुंग लावून पाडला, उरलेला मशीनने काढला आणि पुढच्या ऑगस्टमध्ये नवा उड्डाणपूल खुला. अटल सेतू २१.८ किलोमीटरचा, त्यातला बहुतेक समुद्रावरून, आणि जानेवारी २०२४ मध्ये सुरूही झाला. चांदणी चौक आणि दरीवरचा सत्तर मीटर उंच पूल यांची तुलना होत नाही, हे मला नवऱ्याने सांगितलंय. मी करणार.

लायसन्सचं थोडक्यात, कारण दरवेळी कोणीतरी विचारतं. आपलं भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिने चालतं, पुढे नाही. मग प्रथमोपचाराचा वर्ग, डोळे तपासणी, तीस प्रश्नांची लेखी परीक्षा (इंग्रजीत देता येते, हिंदीत नाही) आणि गाडी चालवून दाखवायची परीक्षा. मान मागे वळवून खांद्यावरून बघितलं नाही तर आरशात कितीही बघा, नापास. आणि उजवीकडून ओव्हरटेक करायचं नाही, म्हणजे इथल्या हळू बाजूने. आपल्याकडे डावीकडून मारतात तसं. १०० युरो आणि एक गुण.

कोंडी अर्ध्या तासात सुटली. बॉनला जुन्या गावात हेअरश्ट्रासेवर चेरीची झाडं दोन्ही बाजूंनी एकमेकांना टेकून गुलाबी मांडव करतात, एप्रिलमध्ये जेमतेम दोन आठवडे. आईंनी मनसोक्त फोटो काढले. बाबांनी एकच काढला, रस्त्यावर पार्क केलेल्या ॲम्ब्युलन्सचा, आणि साताऱ्याच्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला. त्याखाली त्यांनी एवढं लांब काय लिहिलं ते मला दाखवलं नाही.

ट्रेनने का गेला नाहीत, हे काहीजण विचारणारच. सगळ्या देशात लोकल गाड्यांना चालणारं महिन्याचं तिकीट २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं, माझ्याकडे ते आहेच. कोलोनहून बॉनला गाड्याही भरपूर, शिवाय १६ आणि १८ नंबरच्या ट्राम थेट जातात. पण आईंचे गुडघे, स्टेशनातली लिफ्ट चालू असेलच याची खात्री नाही, आणि रद्द झालेल्या ट्रेनची वाट बघत फलाटावर एप्रिलच्या वाऱ्यात उभं राहायचं म्हणजे त्यांना पुढचे चार दिवस शेक द्यावा लागतो. पर्यावरणाचं मला कळतं. एका गाडीत आम्ही चौघं होतो, हेही मोजा.

तुम्ही एकटे-दुकटे जाणार असाल तर मात्र ट्रेनच घ्या. चेरीच्या दिवसांत जुन्या गावात पार्किंग मिळत नाही, आणि मिळालं तर पाटी नीट वाचा, जागा बहुतेक तिथल्या रहिवाशांसाठी राखीव असेल.