ड, ॉ, ॅ साठी जादा ओळ: माझ्या पहिल्या स्प्लिट कीबोर्डची प्रगती

दोन तुकड्यांचा कीबोर्ड मी स्वतः बनवतोय. त्याचा डावा भाग चालू झाला. उजव्याच्या कळांच्या आडव्या ओळी जोडून झाल्यात, उभ्या बाकी आहेत.

दोन तुकड्यांच्या कीबोर्डात 42 कळांचा 'कॉर्ने' नवख्यांना सगळे सुचवतात. इंग्रजीला तो पुरतो, इनस्क्रिप्टला (भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीला) नाही. ड चौकटी कंसाच्या कळीवर, ॉ बॅकस्लॅशवर आणि ॅ शिफ्ट धरून 2 वर. 42 कळांत ही तिन्ही दुसऱ्या लेयरमध्ये, म्हणजे एक खास कळ धरून ठेवल्यावरच मिळणाऱ्या संचात जातात. 'डॉक्टर' लिहायला सुरुवातीलाच लेयर धरायचा, हे मला पटेना. म्हणून तयार पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) सोडून हातानं वायरिंग करायचं ठरवलं आणि उजवीकडे तीन कळांची एक उभी ओळ वाढवली. तीही आतल्या बाजूला, ब-प-ल यांच्या डावीकडे. उजव्या करंगळीवर ज, च, य, ट आधीच आहेत; तिला आणखी ताणण्यात काय अर्थ? ॅ च्या कळीवर शिफ्ट आणि 2 एकत्रच बसवलंय, इंग्रजीत तीच ईमेलच्या 'ॲट'ला कामी येते.

स्विच बसवायची प्लेट बेळगावच्या उद्यमबागेत लेसरवर कापून घेतली. जाडी 1.5 मिमी, भोकं 14 मिमी चौरस, मध्यापासून मध्य 19.05 मिमी. "हे कशाला लागतंय ओ?" असं विचारत कापणाऱ्यांनी कडासुद्धा घासून दिल्या. जाडीत मात्र तडजोड करू नका. पत्रा जाड झाला तर स्विचच्या खिट्ट्या धरतच नाहीत.

उजवीकडे 24 कळा आणि प्रो मायक्रो या छोट्या कंट्रोलर बोर्डाला पिना 18. म्हणून मॅट्रिक्स, म्हणजे प्रत्येक कळ एका आडव्या आणि एका उभ्या ओळीच्या छेदावर: 4 आडव्या, 7 उभ्या, 11 पिनांत काम. प्रत्येक कळीला एक 1एन4148 डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग), त्याची काळी पट्टी आडव्या ओळीकडे. डायोडचाच पाय वाकवून शेजारच्या पायाला सोल्डरचा डाग द्यायचा, की वेगळी तार न घेता ओळ तयार होते. हे काम मला सगळ्यात आवडलं. डायोड नसतील तर तीन कळा एकदम दाबल्यावर न दाबलेली चौथीही उमटू शकते. ओळ झाली की कळ दाबून मल्टिमीटरनं तपासतो: एका बाजूनं साधारण 0.6 व्होल्ट, उलट बाजूनं काहीच नाही.

फर्मवेअर, म्हणजे कीबोर्डातला प्रोग्रॅम, क्यूएमके. कीबोर्ड फक्त 'बॅकस्लॅश दाबली' एवढंच कळवतो, ॉ करतो तो संगणक. त्यामुळे घरचं मराठी आणि अर्जांचं कन्नड, दोन्हींना हीच मांडणी चालते. इनस्क्रिप्टमध्ये मराठीचा क आणि कन्नडचा क एकाच कळीवर असतो. फक्त कन्नडच्या ऱ्हस्व ओकारासाठी बॅकटिक (1 च्या डावीकडची कळ) लागते, म्हणून टॅब अंगठ्याच्या लेयरमध्ये पाठवून तिथं ती बसवली.

आता उभ्या ओळी. या इन्सुलेशनच्या तारेनंच कराव्या लागतात, कारण त्या आडव्या ओळींवरून जातात. जोडाच्या जागी तेवढंच प्लास्टिक सोलायचं. मग दोन्ही भाग 3.5 मिमीच्या टीआरआरएस (चार संपर्कांच्या) केबलनं जोडीन. जॅक सरकताना आतले संपर्क एकमेकांना शॉर्ट होतात, तेव्हा यूएसबी काढल्याशिवाय ती केबल घालायची नाही आणि ओढायचीही नाही.